ओसरीतला खांब आणि तिपाईवरचा कॅमेरा

मला कॅमेऱ्याचा नाद कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वर्षी आमच्या कचेरीत सगळ्यांचा असा समज झाला होता की बायको गेल्यावर बिचाऱ्याने जीव रमवायला काहीतरी छंद लावून घेतला. छंदबिंद काही नाही. मला आयुष्यात एक फोटो हवा होता. त्यात दोन माणसं हवी होती, मी आणि माझी मुलगी. बाकी जगातल्या कुठल्याही देखाव्याशी मला काही कर्तव्य नव्हतं.

मुलगी मुंबईला होती, आजोळी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, या रीतीप्रमाणे बायकोला मी सातव्या महिन्यात नाशिकरोडला गाडीत बसवून दिलं होतं. खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला आणि "जपून जा" म्हणालो. ती परत आलीच नाही. मुलगी झाली, पाठोपाठ ताप भरला आणि सगळं आटोपलं. मी तिथे पोचलो तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर एक गाठोडं होतं, ते रडत होतं. नाशिकला भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या पुरुषाने तान्हं पोर कसं सांभाळायचं? मला कोणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ते गाठोडं तिथेच वाढलं.

दिवाळीला आणि मे महिन्यात मी जायचो. मेव्हण्याची मुलं मला काका म्हणायची. आत्याचा नवरा म्हणून त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्यात वाढणारी माझी मुलगीही मला काका म्हणू लागली. सगळं घर हसायचं, मीही हसायचो. एकदा सासूबाईंनी तिला दटावलं, "अगं, ते तुझे वडील आहेत." त्यावर ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. वडीलकाका." पुन्हा सगळे हसले. त्या वेळी मला हसणं जड गेलं, पण पानावर बसलेला जावई उठून कुठे जाणार?

तिला सहावं संपत आलं तेव्हा दिवाळीत मी धीर करून सासऱ्यांना म्हणालो, "जूनमध्ये तिला नाशिकला नेतो. शाळेत घालतो." सासरे सरळ माणूस. थोडा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "मुलगी तुमची आहे, मी कोण नाही म्हणणारा? पण तिला ओढून नेऊ नका. मे महिन्यात या, थोडे दिवस इथे राहा, मग तिला माथेरानला हवापालटाला न्या. तुमची सवय होऊ दे. परत आलात की मी तिला विचारीन. हो म्हणाली तर जूनमध्ये घेऊन जा."

म्हणजे माझ्या हातात एक सुट्टी होती. थोडी शहरात, थोडी डोंगरावर. तेवढ्यात मला काकाचा बाप व्हायचं होतं.

कॅमेऱ्याची कल्पना तिथूनच निघाली. मी आणि बायको, आमचा दोघांचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला येणार होता, आला नाही. पुढे काढू, पुढे काढू म्हणत राहिलो. जन्म कचेरीत गेलेल्या माणसाला कागदावर असेल तीच गोष्ट खरी वाटते. मला वाटलं, आमचा दोघांचा एक फोटो तिच्या हातात ठेवला, आजूबाजूला मेव्हणा नाही, त्याची मुलं नाहीत, फक्त ती आणि मी, म्हणजे तिला आपोआप कळेल की हा काका इतर काकांसारखा नाही.

नाशिकला मेन रोडवर एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या म्हाताऱ्या मुसलमान फोटोवाल्याला सगळं गाव चाचा म्हणायचं. देवळालीच्या छावणीतले गोरे साहेब विलायतेला परत जाताना आपलं सामान त्याला विकून जात आणि चाचा ते आम्हा लोकांच्या गळ्यात मारी. बोलायला मोठा गोड. मी सुट्टीचा बेत सांगितल्याबरोबर त्याने टेबलावर दोन कॅमेरे मांडले.

एक होता पेटीचा, चपलांच्या लहान खोक्याएवढा. पोटाशी धरायचा, वरच्या भिंगात वाकून बघायचं आणि कळ दाबायची. "शहराला ही पेटी बरी," चाचा म्हणाला. "गर्दी असो, रस्ता असो, झट काढला की झालं. यात बिघडण्यासारखं काय नाय." दुसरा घडीचा. झाकण उघडलं की बाजाच्या पेटीला असतो तशा भात्यासारखा काळा चामडी पडदा पुढे यायचा आणि त्याच्या टोकाला भिंग. समोरचं माणूस किती फुटांवर आहे ते आधी ठरवून काटा फिरवायचा, नाहीतर चेहरा पुसट. "आणि डोंगराला हा," चाचा म्हणाला. "याला ही पिवळी काच लावा. डोंगरात उजेड लय असतो, ढग धुऊन जातात. काच लावली की एकेक ढग असा उठून दिसतो बघा."

"मला ढग नकोत."

"ढग नकोत?" चाचाने चष्मा काढला. "मग डोंगरावर कशापायी जाताय, रावसाहेब?"

मी त्याला माझी अडचण सांगितली. मला फोटोत असायचं आहे आणि फोटो काढायचाही मीच आहे. चाचा हसला. म्हणाला, "एवढंच ना? कुणालाही सांगा. घोडेवाला दाबील की खटका." मला राग आला. आता वाटतं, रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आमच्या दोघांमध्ये आजवर कायम कोणी ना कोणी तिसरं होतं. सासूबाई, मेव्हणा, त्याची मुलं. या एका फोटोला मला तिसरं माणूस नको होतं, कॅमेऱ्यामागेसुद्धा नको.

तेव्हा चाचाने खणातून कडबोळ्याएवढं एक यंत्र काढलं. तो चावीचा खटका. कॅमेऱ्याला अडकवायचा, चावी द्यायची, तो घर्रर्र करत फिरतो, तेवढ्या वेळात आपण पळत जाऊन फोटोत उभं राहायचं आणि मग तो आपोआप कळ दाबतो. मी ते यंत्र हातातून खाली ठेवेना. पण पेटीच्या कॅमेऱ्याला ते बसत नव्हतं, म्हणजे घडीचाच घ्यायला हवा. कॅमेरा हातात धरायला कोणी नाही, म्हणजे तिपाई हवी. तिपाई म्हणजे तीन लाकडी पाय, मिटले तरी काठीएवढे लांब आणि वजन असं की खांद्याला रग लागावी. एका माणसाला दोन माणसांचा फोटो काढायचा तर एवढं सामान लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. नको नको म्हणताना पिवळी काचही चाचाने पुडीत बांधून दिलीच.

चैत्र-वैशाखात मी सराव केला. माझ्या खोल्यांपुढे ओसरी होती, तिला एक सागवानी खांब. अंगणात तिपाई लावायची, खटक्याला चावी द्यायची, ओसरीकडे धावायचं, खांबापाशी उभं राहून तोंड हसरं करायचं, तोवर कट् असा आवाज. फिल्म न घालताच हे चालायचं. अंतर चुकू नये म्हणून मी तिपाईच्या एका पायाला सुतळी बांधली आणि हव्या त्या अंतरावर तिला गाठ मारली. गाठ खांबाला टेकली की काटा बरोबर. आता मुलीच्या जागी काहीतरी हवं. स्टुलावर हंडा ठेवला आणि हाताने अंदाज घेतला, एवढीच उंच असेल. मग हंड्यावर हात ठेवून उभा राहिलो.

घरमालकीणबाई धुणं वाळत घालता घालता रोज हे बघत होत्या. एक दिवस न राहवून म्हणाल्या, "भाऊ, सहा वर्षांची पोर याहून उंच असती."

"दिवाळीत एवढीच होती," मी म्हणालो.

"दिवाळी होऊन किती महिने झाले?" असं म्हणून त्या बादली घेऊन आत गेल्या. मी हंडा खाली उतरवला, स्टुलावर एक पाट ठेवला आणि त्यावर हंडा ठेवला. आपली मुलगी केवढी आहे हे घरमालकीणबाईंनी सांगावं याचं मला फार वाईट वाटलं.

मुंबईत बघितलं तर ती पाटावरच्या हंड्याहूनही टीचभर उंच झाली होती.

मुंबईत माझ्या तिपाईचा नुसता तमाशा झाला. चौपाटीवर तिचे पाय उघडले की माणसं जमायची. कोणी विचारायचं सर्व्हे चालला आहे का, कोणी मुलांना उचलून भिंग दाखवायचं. घरी गॅलरीत लावली तर मेव्हण्याची सगळी मुलं चौकटीत. त्यांना बाजूला व्हा कसं म्हणणार? ती मुलंही मला काकाच म्हणत होती आणि माझी मुलगी त्यांचाच हात धरून उभी होती. रोल जवळजवळ संपला आणि आमचा दोघांचा फोटो एकही नाही. चाचाचं बरोबर होतं, शहराला पेटीच बरी.

त्या गॅलरीला लाकडी खांब होते आणि संध्याकाळी मुलं तिथे खांबखांबोळी खेळायची. प्रत्येकाने एकेक खांब धरायचा. ज्याच्यावर राज्य त्याला खांब नाही. खांबवाल्यांनी एकमेकांना खुणावून धावत जागा बदलायच्या आणि राज्यवाल्याने तेवढ्यात रिकामा खांब पकडायचा. माझी मुलगी त्यात पटाईत. डोळ्याने खुणावलं की सुटलीच. मी खुर्चीवर बसून बघायचो. मला कोणी खुणावलं नाही आणि चाळिशीला टेकलेल्या माणसाला खेळायला घ्या असं म्हणता येत नाही.

माथेरानला सासूबाई बरोबर आल्या. लहान मुलीला नुसत्या पुरुषाबरोबर कसं पाठवायचं, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे आम्ही उतरलो होतो त्या बंगलीच्या व्हरांड्यातच त्या बसून असायच्या. फिरायला आम्ही दोघंच. पुढे मी, खांद्यावर तिपाई, आणि मागे ती, लाल मातीने माखलेले पाय आपटत. बोलायला काही सुचायचं नाही. मी झाडांची नावं सांगायचो. ती "हं" म्हणायची.

"इथे खांबखांबोळी नाही खेळता येत?" एकदा मीच विचारलं. बंगलीच्या व्हरांड्याला खांब होते.

"दोघंच तर आहोत. राज्य कोण घेणार?" ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "दोघांत होतो खेळ. नुसत्या जागा बदलायच्या. पण त्यात कोणी हरतच नाही."

मला बोलायला धागा सापडला. मी तिला माझ्या ओसरीतल्या खांबाबद्दल सांगितलं. अंगणात तिपाई लावून तिथून खांबाकडे मी कसा धावायचो, घरमालकीणबाई कशा बघायच्या, स्टुलावरच्या पाटावर हंडा म्हणजे ती. ती खूप हसली. "मी हंडा?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिली. त्या दिवशी परत येताना सुतळीचं रीळ तिने स्वतःहून हातात घेतलं. मला वाटलं, जमलं.

फोटो मात्र मी रोज पुढे ढकलत होतो. रोलमध्ये दोनच जागा उरल्या होत्या, त्या मला चांगल्या उजेडाशिवाय दवडायच्या नव्हत्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर एका कड्यापाशी सगळं जुळून आलं. जांभळाचं झाड, मागे दरी आणि वर वळवाचे ढग. पिवळी काचसुद्धा लावली, घेतलीच आहे म्हणून. तिला झाडापाशी उभी केली. सुतळीची गाठ तिच्या हातात दिली, काटा फिरवला, सुतळी सोडवून घेतली. म्हणालो, "इथेच झाडाला धरून उभी राहा. मी पळत येतो."

तिने मान हलवली. डोळे चमकत होते. मी चावी दिली. घर्रर्र सुरू झालं आणि मी धावलो. मी निम्म्यावर असेन नसेन, तोच ती झाडापासून सुटली आणि माझ्या बाजूने निघून गेली. "अगं, अगं," एवढंच मी म्हणू शकलो. पाय आपोआप झाडापाशी पोचले. सरावाने मी वळलो, हातही सरावाने हंड्याच्या उंचीवर गेला, आणि कट् असा आवाज झाला. त्या क्षणी ती अजून धावतच होती; मग तिने पलीकडे जाऊन तिपाईचा पाय धरला.

मी काही बोललो नाही. मला वाटलं, मी जवळ येताना बघून ती पळाली. माझ्याशेजारी उभं राहण्याएवढीही तिला माझी सवय झाली नव्हती. दरीतून धुकं वर आलं, उजेड गेला, दुसरा फोटो शक्यच नव्हता. तिपाईचे पाय मिटण्याचं काम हाताला होतं म्हणून बरं, नाहीतर त्या कड्यावर मला रडू फुटलं असतं. ती वाटभर सुतळी बोटाला गुंडाळत चालत होती.

मुंबईला परतल्यावर सासऱ्यांनी शब्द पाळला. सगळ्यांना आत पाठवून तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "नाशिकला जाशील राहायला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तिथे कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणालो.

"आणि?"

"घरमालकीणबाई आहेत. शेजारी."

"आणि?"

त्यात दुष्टावा काही नव्हता. खाऊच्या डब्यात आणखी काय आहे असं विचारावं तसं ती विचारत होती. मी म्हणालो, गोदावरी आहे, घाट आहेत, पंचवटीत देवळं आहेत. ती ऐकत राहिली आणि मग आत मुलांचा आवाज आला तशी तिकडे बघू लागली. सासऱ्यांनी मान खाली घातली. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटलं, ते मला दिसलं. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आलो.

रोलमध्ये एक जागा बाकी होती. चाचा म्हणाला, "वाया कशाला घालवताय? काढून टाका काहीतरी, मग धुतो." मी अंगणात तिपाई लावली. सुतळीची गाठ खांबाला टेकवली, काटा फिरवला. खटका लावला नाही, धावलो नाही. हातानेच कळ दाबली. ओसरी, खांब आणि खांबाशेजारी काही नाही, असा तो फोटो.

धुतलेले फोटो चाचाने माझ्यापुढे ठेवले. कड्यावरच्या फोटोत मी जांभळापाशी एकटा उभा, एक हात खाली हवेत, जणू कोणाच्या खांद्यावर ठेवला आहे. कडेला एक पांढरट फराटा. निरखून बघितलं तर वेणी दिसायची आणि फ्रॉकचा घेर. "पोर हलली," चाचा म्हणाला. "कडेचं कापून टाकू का? तुमचा एकट्याचा झकास होईल." मी नको म्हणालो. ढग मात्र एकेक उठून दिसत होता.

दिवाळीत दोन्ही फोटो घेऊन गेलो. द्यायचे की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी भाऊबीजेच्या दुपारी ती सतरंजीवर एकटी बसली होती तेव्हा कड्यावरचा तिच्यापुढे ठेवला. तिने तो फराटा लगेच ओळखला आणि हरखून म्हणाली, "बघा, पोचलेच होते मी तुमच्या खांबापाशी."

"कुठल्या खांबापाशी?"

"तो नाही का, तीन पायांचा? तुमचा! तुम्ही माझ्या खांबाकडे पळालात. मग मी तुमच्याकडे नको का पळायला? जागा रिकामी राहिली असती ना." मग तिने जरा रागाने विचारलं, "आणि तुम्ही नंतर बोलला का नाहीत? मला वाटलं, तुम्ही रडी खाल्लीत."

मे ते दिवाळी तो फोटो मी किती वेळा समोर धरला होता आणि दर वेळी ती माझ्यापासून दूर पळताना दिसली होती. ती माझ्याच जागेकडे धावली होती. मी खुणावलं असं समजून धावली होती. मला हे कळलं असतं तर सासऱ्यांपुढे त्या "आणि?"ला काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे.

तिने दुसरा फोटो उचलला. "हा कोणाचा?"

"तुझा. नाशिकचा."

"जिथे हंडा होता तो?"

"हो."

"आणि तुमचा खांब?"

"मी फोटोत नाही. मी समोर अंगणात होतो, कॅमेऱ्यापाशी."

तिने फोटो सतरंजीवर ठेवला. मग त्याच्यापुढे, फोटोच्या बाहेर, वीतभर अंतरावर बोट टेकवलं. "म्हणजे इथे?"

"हो, तिथेच."

"एकटेच?"

"हो," मी म्हणालो. तिने बोट उचललं नाही.

राहायला ती माझ्याकडे कधीच आली नाही. त्या घरात तिचं सगळं होतं आणि एका खांबासाठी कोणी घर सोडत नाही. मला काकाच म्हणत राहिली. पण त्यानंतर दर मे महिन्यात ती थोडे दिवस नाशिकला यायची. टांग्यातून उतरली की हातातली पिशवी टाकून आधी ओसरीवरचा खांब धरायची आणि ओरडायची, "काका, तुमच्या जागेवर जा!" मी अंगणात जाऊन उभा राहायचो आणि तिने खुणावलं की आम्ही धावायचो.

ती परत गेली की संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी थोडा वेळ अंगणात त्या जागेवर जाऊन उभा राहायचो. घरमालकीणबाई धुणं काढता काढता बघायच्या, पण त्यांनी कधी काही विचारलं नाही.